पूर्वलक्षी प्रभावाने शहाणी

ऑगस्टातल्या एका गुरुवारी दुपारी आशा सेविका बुधरी छत्री मिटवत संघप्रियाच्या खोलीच्या दारात उभी राहिली. पिशवीतून तिनं एक छापील कागद काढला, दोन्ही हातांनी सरळ केला आणि मान खाली घालूनच विचारलं, "ताई, तुमचा आजार आता कसा हाय?"

संघप्रियाला वाटलं, परवाच्या सर्दीचं विचारते आहे. "बरी आहो मी. काऊन?"

"झोप लागते?"

"लागते ना."

"कानात आवाज येतात?"

"तुमचाच येऊन राह्यला."

"कोणी आपल्याले माराले येऊन राह्यला, असं वाटते?"

संघप्रियानं कागद हातातून ओढून घेतला. वर नाव होतं: संघप्रिया देवराव निमगडे. त्याखाली: आजार, मानसिक. संकेतांक नऊ, लिंगओळख विकार. पाठपुरावा दर गुरुवारी, आशामार्फत.

बुधरी ओशाळली. "मले काय समजते ताई? यादी आली, तं मी आली. साऱ्या आरोग्य केंद्रात एकच पेशंट हाय. तुमीच."

हिकमेट्टाचं आरोग्य केंद्र एटापल्ली तालुक्यात, आत जंगलात. पाच खोल्या, एक जनरेटर आणि चाळीसेक पाडे. संघप्रिया तिथली प्रयोगशाळा तंत्रज्ञ. अकरा महिन्यांच्या करारावरची. दर अकरा महिन्यांनी एक दिवस बेकार व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर यायचं, अशी ती नोकरी. काम हिवतापाचं. तापकऱ्याच्या बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, रंगवायचा, सुकवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेका काचेवर शंभर ठिकाणी डोळा लावून जंतू शोधायचा. भर पावसाळ्यात एकेका दिवशी साठ-साठ काचा. पहिल्या महिन्यात लोक तिच्या रुंद खांद्यांकडे, घोगऱ्या आवाजाकडे, कुंकवाविना कपाळाकडे टकामका बघायचे. मग ताप आला, आणि ताप आल्यावर कुणाला बघायला वेळ राहिला नाही. दुसऱ्या वर्षापासून ती 'रक्तवाली बाई' झाली, आणि पाड्यापाड्यांतून काकड्या, मोहफुलं, एकदा तर जिवंत कोंबडा, असं काय काय तिच्या टेबलावर येऊ लागलं.

मूळची ती घुग्घुसची. वडील देवराव कोळशाच्या खाणीत डंपर चालवायचे. आई सीता घर चालवायची, आणि ते डंपरहून जड होतं. लेकराचं नाव त्यांनी प्रफुल ठेवलं होतं. चंद्रपुरात तंत्रज्ञाचा कोर्स करताना, एकोणिसाव्या वर्षी, दीक्षाभूमीवरच्या ऑक्टोबरातल्या सोहळ्याहून परतल्यावर त्या लेकरानं आईबापांना समोर बसवून सांगितलं की मी मुलगा नाही, कधी नव्हतेही, आणि माझं नाव आजपासून संघप्रिया. आई रडली.  आठ महिने देवरावांनी लेकराला कुठल्याच नावानं हाक मारली नाही. "ए" म्हणायचे, नाहीतर नुसते खाकरायचे. मग एका दुपारी ड्युटीवरून आले, दारात शेजारचे चौघे बसले होते, त्यांच्यादेखत बूट काढता काढता म्हणाले, "संघप्रिया, पाणी आन." चौघांपैकी एकानं मान वर केली. देवरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं ती लगेच खाली घातली.

पुढं पारलिंगी व्यक्तींना कायद्यानं मिळणारं ओळखपत्रही तिनं काढलं. प्रतिज्ञापत्र दिलं, जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं कार्ड आलं. कोणत्या डॉक्टरला काही दाखवावं लागलं नाही. कायदाच तसा होता. ते कार्ड तिनं प्लास्टिकमध्ये बंद करून घेतलं होतं. सरकारनं एकदा मानलं म्हणजे झालं, असं तिला वाटलं होतं. सरकार एकच असतं, अशी तिची तेव्हा समजूत होती.

बुधरीला चहा पाजून संघप्रिया तडक कार्यालयाच्या खोलीत गेली. तिथं श्रावणभाऊ बसले होते. केंद्राचे लिपिक, पन्नाशी उलटलेले, ब्रह्मपुरीकडचे, मऊ स्वभावाचे, कुणाला नाही न म्हणणारे. म्हणूनच सगळी कामं त्यांच्याकडे यायची.

"श्रावणभाऊ, मी वेडी कवापासून?"

श्रावणभाऊंनी चष्मा काढून पुसला. "एकतीस जुलैपासून," ते म्हणाले, आणि मग त्यांना आपलं आपल्यालाच वाईट वाटलं.

झालं होतं ते असं. जुलैत 'मनोआरोग्य शोधमोहीम' निघाली. प्रत्येक केंद्रानं निदान एक मानसिक रुग्ण शोधायचा. हिकमेट्टात एकही सापडला नाही. होते नक्की, पण घरचा माणूस कोण कागदावर देतो? अखेरच्या दिवशी मोहीम कक्षातून तीनदा फोन आला. तिसऱ्या फोनला पलीकडचा माणूस ओरडला, "चाळीस पाड्यांत एक वेडा सापडत नाई तुमाले? निरंक अहवाल घेनार नाई मी!" श्रावणभाऊंनी मोहिमेची पुस्तिका चाळली. नवव्या संकेतांकावर बोट थांबलं. पुस्तिका कधीची होती देव जाणे. पहिलं पान उंदरांनी नेलं होतं.

"पन मले इचारलं काऊन नाई?"

"तुमी नाई म्हटलं असतं."



डॉक्टर आयशा शेख हे ऐकून कपाळाला हात लावून बसल्या. चंद्रपूरच्या कापडव्यापाऱ्याची मुलगी, केंद्राची वैद्यकीय अधिकारी, वय सत्तावीस. "संघप्रिया, त्या दिवशी मी चाळीस कागदांवर सह्या केल्या. त्यातला हा एक असणार. चूक माझी पण आहे." मग चिडून म्हणाल्या, "अगं, जागतिक आरोग्य संघटनेनं हे मानसिक आजारांतून कधीच काढलं!"

"कागद निंघाला असन तिथून, मॅडम," श्रावणभाऊ म्हणाले. "आलापल्लीच्या पुढं रस्ता खराब हाय."

नाव काढायचं पत्र त्याच दिवशी गेलं. उत्तर आलं नाही. पण महिन्याभरानं अभिनंदनाचं पत्र आलं. हिकमेट्टा केंद्रानं आपल्या नोंदणीकृत रुग्णांपैकी शंभर टक्के रुग्णांचा नियमित पाठपुरावा केल्याबद्दल. गोळ्यांची पाकिटंही येऊ लागली. कशावरच्या गोळ्या, ते पाकिटावर होतं. कशासाठी, ते नव्हतं. डॉक्टर आयशांनी त्या कपाटात कुलूपबंद केल्या आणि बुधरी दर गुरुवारी येऊन झोप, आवाज आणि मारेकरी यांची चौकशी करून चहा पिऊन जाऊ लागली. संघप्रियानं मनाला लावून घ्यायचं नाही असं ठरवलं. काचा पुढ्यात असायच्या. ऑगस्टपासून डिसेंबरअखेर तिनं दोन हजारांवर काचा पाहिल्या. तीनशे शहाऐंशी लोकांच्या रक्तात हिवताप निघाला. तीनशे शहाऐंशी लोकांना त्याच दिवशी गोळ्या मिळाल्या.

तरी रात्री कधी कधी ती उशीला विचारायची: पुस्तिकेत आहे म्हणजे काहीतरी असेल का? फोनवर आईला म्हणाली, "मा, सरकारात मले वेडी लिवलं हाय."  सीता म्हणाली, "तुह्या बापानं डंपर नालीत घातला होता, तवा त्याले चांगल्या चालकाचं इनाम भेटलं होतं. सरकारचं मनावर नोको घेऊ."

जानेवारीत करार संपला. नव्या करारासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी फाइल गेली, तेव्हा तिथल्या कुणा चौकस माणसाच्या लक्षात आलं की मोहिमेच्या यादीतलं नाव आणि नोकरीच्या यादीतलं नाव एकच आहे. पत्र आलं. मानसिक रुग्ण असलेल्या व्यक्तीस तांत्रिक पदावर नेमता येणार नाही. पुरावा म्हणून सोबत तिच्या ओळखपत्राचीच झेरॉक्स जोडली होती. तेच आजाराचं अधिकृत प्रमाणपत्र, असा त्यांचा समज झाला होता. आणि खाली आणखी एक ओळ: सदर व्यक्तीने एकतीस जुलैनंतर तपासलेले सर्व रक्तनमुने पुढील आदेशापर्यंत ग्राह्य धरू नयेत.

त्या एका ओळीनं मोठं काम केलं. केंद्रातले तीनशे शहाऐंशी रुग्ण बसल्या जागी नाहीसे झाले. तालुक्याच्या आकड्यात मोठी घट दिसली. पावसाळ्यानंतर हिवताप असा उतरलेला कुणी पाहिला नव्हता. प्रजासत्ताक दिनाला हिवताप मोहिमेच्या अधिकाऱ्यांना शाल आणि श्रीफळ मिळालं, आणि भाषणात त्यांनी तळागाळातल्या कर्मचाऱ्यांचे आभार मानले.

तळागाळातली कर्मचारी दुसऱ्या दिवशी एसटीत होती. बुधवारी जिल्ह्याच्या दवाखान्यात मनोविकारतज्ज्ञ बसतात, म्हणून संघप्रिया पहाटेच्या गाडीनं निघाली होती. डॉक्टर म्हातारे, थकलेले. त्यांनी अर्धा तास तिचं ऐकलं, चार प्रश्न विचारले, त्यातले दोन हिवतापाबद्दल होते, आणि कागदावर लिहून दिलं: कोणताही मानसिक आजार आढळला नाही. पारलिंगी असणे हा आजार नाही.

तो कागद घेऊन ती मोहिमेच्या कक्षात गेली. टेबलावरचा माणूस सभ्य होता. त्यानं खुर्ची दिली. संगणकाकडे बघत म्हणाला, "नाव काढता येते ना. तीन पर्याय हायेत. बरा झाला, मृत, स्थलांतरित."

"आजार नव्हताच, असा नाई काय?"

"असा कसा असन? आजार नव्हता तं यादीत नाव कसं आलं असतं?" त्यानं समजुतीच्या सुरात मार्ग काढला. "असं करू. 'बरा झाला' टाकतो. फक्त तुमचं ते ओळखपत्र जमा करा लागन. आजार बरा झाला म्हंजे ते उरत नाई. पुन्हा मूळ नावानं अर्ज करा, प्रफुल निमगडे. लगेच काम होऊन जाईन."

 संघप्रियाच्या डोळ्यांपुढं बूट काढणारे देवराव आले. "मंग मेली लिवा," ती म्हणाली.

"मृत्यूचा दाखला आनला काय?"

ती उठली. दारापर्यंत गेली आणि परत फिरली. "साहेब, वेड लागनं काही पाप नाई. लागलं असतं तं मीच आली असती, गोळी द्या म्हनून. पन जे नाई ते माह्या नावावर काऊन? मी काचेवर जे दिसते तेच लिवते. नाई दिसलं तं नाई लिवते. तेवढं तुमाले येत नाई?"

त्या माणसानं मान हलवली. त्याला खरंच वाईट वाटलं असावं. म्हणाला, "आमच्याकडं 'नाई' लिवाची सोय नाई, ताई."

संघप्रिया घुग्घुसला गेली नाही. हिकमेट्टातच राहिली, खोलीच्या ओसरीवर. प्रयोगशाळेला कुलूप होतं. काचा एटापल्लीला जायच्या, अहवाल आठवड्यानं यायचा, तोवर तापकरी बरा तरी झालेला असायचा नाहीतर घरी परत नेलेला. फेब्रुवारीतल्या एका सकाळी एका पाड्यावरचे म्हातारे लालसू पटेल आपल्या धाकट्या नातवाला खांद्यावर टाकून आले. सात किलोमीटर चालत. पोराचं अंग भाजत होतं. कुलूप पाहून ते सरळ ओसरीकडे वळले.

"बाबा, मले बंदी हाय. मी वेडी आहो म्हनतात," संघप्रियानं सांगितलं.

लालसूंनी नातवाला ओसरीवर निजवलं. डॉक्टर आयशाही धावत आल्या होत्या, त्यांच्याकडे वळून म्हातारा म्हणाला, "डॉक्टरबाई, मागच्या पावसात हिनं माह्या नातीच्या रक्तात किडा पाह्यला. तुमी गोळी देल्ली. पोरगी उठली, आता शाळेत जाते. वेडीनं पाह्यलेला किडा खोटा असन, तं पोरगी उठली कशी? अन् किडा खरा असन, तं ही वेडी कशी?"

डॉक्टर आयशांनी आधी आणीबाणीसाठी राखलेल्या शेवटच्या झटपट पट्टीवर पोराची चाचणी केली, गोळ्या सुरू केल्या. मग आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं आणि नोकरीत आल्यापासूनचं सगळ्यांत नम्र पत्र लिहिलं. संदर्भीय आदेशानुसार तीनशे शहाऐंशी रक्तनमुने ग्राह्य नाहीत. म्हणजे त्या व्यक्तींना हिवताप नव्हता. तथापि त्यांना हिवतापाची औषधे देण्यात आली आहेत, त्यांत एकशे बारा बालके व नऊ गरोदर माता आहेत. तरी आजार नसलेल्या व्यक्तींना औषधे दिल्याची जबाबदारी नेमकी कोणावर निश्चित करावी, याबाबत कृपया लेखी मार्गदर्शन व्हावे. खाली त्यांनी प्रती कुणाकुणाला धाडल्या त्याची यादी दिली. यादी पत्रापेक्षा लांब होती.

'लेखी मार्गदर्शन व्हावे' या तीन शब्दांना सरकारात जेवढं भितात, तेवढं वाघालाही भीत नाहीत. तिसऱ्या दिवशी बैठक बसली. प्रश्न मोठा बिकट होता. हिवताप खोटा मानावा तर गोळ्या चुकीच्या. खरा मानावा तर तो पाहणारी शहाणी असायला हवी. शाल आणि श्रीफळाचं काय, हे कुणी मोठ्यानं विचारलं नाही. सायंकाळी पाचपर्यंत सर्वांचं एकमत झालं की संघप्रिया निमगडे शहाणी असणं शासनाच्या हिताचं आहे.

आदेश आला. सदर कर्मचारी एकतीस जुलैपासून पूर्वलक्षी प्रभावाने मानसिकदृष्ट्या सक्षम असल्याचे मानण्यात यावे. कराराचे नूतनीकरण करावे. हिवतापाचे तीनशे शहाऐंशी रुग्ण पुन्हा नोंदवावेत. वर 'श्री./श्रीमती (लागू नसेल ते खोडावे)' असं छापलेलं होतं आणि कुणीच काही खोडलं नव्हतं. संघप्रियानं टेबलावरचा पेन उचलून 'श्री.' खोडलं. शाल परत घ्यायचा कुठं नमुनाच नव्हता, त्यामुळं ती राहिली.

आदेशाचं दुसरं पान मात्र श्रावणभाऊंच्या नावचं होतं. हे सारं लिपिकाच्या लेखनप्रमादामुळे घडलं. लिपिकानं तसं लिहून द्यावं. श्रावणभाऊंनी काही वाद घातला नाही. कागद पुढं ओढला आणि लिहू लागले. पहिल्या दोन ओळी खोडून त्यांनी पुन्हा लिहिल्या. संघप्रिया समोरच उभी होती. महिनाभर तिच्या मनात त्यांच्याविषयी नुसता संताप होता. त्या दिवशी तिनं त्यांच्याकडे, काचेकडे बघते तसं, नीट पाहिलं. गळ्याची हाडं वर आलेली. सदऱ्याची बटणं एक सोडून एक लावलेली. डोळ्यांखाली काळं.

"श्रावणभाऊ, झोप लागते काय तुमाले?"

"नाई," ते सहज म्हणाले. "मंगला गेली तवापासून नाई. दोन वर्सं झाली." मंगला त्यांची बायको. "पहाटे उठून दोन कप चहा मांडतो. मंग एक ओतून टाकतो."

"कोणाले सांगितलं नाई?"

"कोन इचारते, बाई? ते परश्न तं पेशंटले इचारतात."

संघप्रियाच्या तोंडात चार कडू शब्द आले होते. सात महिन्यांचे गुरुवार होते ते. ते तिनं गिळले. माफ केलं असंही नाही. तिला ते नंतर पुष्कळ दिवस जमलं नाही. पण त्या बुधवारी ती आणि श्रावणभाऊ पहाटेच्या एसटीत शेजारी बसून जिल्ह्याला गेले. म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिला ओळखलं आणि भुवया वर केल्या. "आज मी नाई," ती म्हणाली. श्रावणभाऊ आत पाऊण तास होते. बाहेर आले तेव्हा चेहरा रडून धुतल्यासारखा होता आणि हातात चिठ्ठी होती. परतीच्या वाटेवर आष्टीला त्यांनी भजी घेतली. तिला तीन दिली आणि दोन स्वतः खाल्ली.

केंद्रात पोचल्यावर त्यांनी मोहिमेची वही काढली आणि स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव लिहिलं. आजार: खिन्नता. "पयल्यांदाच खरी नोंद झाली ह्या वहीत," ते म्हणाले, आणि डॉक्टर आयशांनी ती वाचून सही केली. औषधानं आणि बोलण्यानं पाच-सहा महिन्यांत ते सावरले. आता बटणं नीट लावतात. नवव्या संकेतांकाचं काय झालं, हे डॉक्टर आयशांनी दोनदा लिहून विचारलं. नवी पुस्तिका आली. कव्हर तेवढं नवीन होतं.

संघप्रिया अजून हिकमेट्टालाच आहे. गेल्या वर्षी तिनं कायम पदासाठीची परीक्षा दिली. अर्जात लिंगाचे तीन रकाने होते. तिसऱ्यावर तिनं खूण केली, आणि मशीननं ती मुकाट्यानं घेतली. देवराव परीक्षेच्या दिवशी घुग्घुसहून नागपूरला आले होते, डबा घेऊन, आणि परीक्षा केंद्राच्या फाटकाशी चार तास उभे होते. पेपर सोपा गेला. निकाल अजून लागलेला नाही. भरतीविरुद्ध कुणीतरी कोर्टात गेलं आहे. या वेळी भानगड आरक्षणाच्या बिंदूंची, म्हणजे कोणती जागा कुणाला याची आहे, तिची नाही, एवढंच तिला समाधान.